दोष कोणाचा?

यंत्र बिघडलें असतां मनुष्य प्रथम काय करतो, असा प्रश्न आम्हांस वर्षापूर्वीं कोणी विचारला असता, तर "तो बिघाड शोधूं लागतो" असें उत्तर आम्हीं मोठ्या ठसक्यानें दिलें असतें. आज तसें उत्तर देण्यास आमची जीभ रेटत नाहीं. मनुष्य प्रथम बिघाड शोधीत नाहीं; तो अपराधी शोधतो. आणि हा शोध चालला असतां त्याची नजर स्वतःच्या अंगावरून किती अलगद पुढें सरकते, याचा अनुभव २०२४ सालच्या दिवाळीच्या सुटींत आम्हांस आमच्याच घरीं आला. तो आपल्या शाळासोबत्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस सांगावा, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम ज्या यंत्राची ही हकीकत, त्याची ओळख करून देणें जरूर आहे. पाश्चात्य नगरांत कमानींच्या छताखालीं दुतर्फा दुकानें असलेला जो मार्ग असतो, त्यास 'आर्केड' म्हणतात. अशा ठिकाणीं नाणें टाकून खेळावयाचीं यंत्रें मांडलेलीं असत. त्यावरून पुढें त्या यंत्रांसच तें नांव चिकटलें. पुरुषभर उंचीची लांकडी पेटी, तिच्या कपाळावर झगमगती पाटी, छातीशीं कांचेचा पडदा, आणि पडद्याखालीं दांडा व बटणें, असें त्यांचें रूप. १९७२ सालीं अमेरिकेंतील अटारी कंपनीनें काढलेला 'पाँग', १९७८ सालीं जपानच्या टायटो कंपनींतील तोमोहिरो निशिकादो यांनीं रचलेला 'स्पेस इन्व्हेडर्स', आणि १९८० सालचा नाम्को कंपनीचा 'पॅकमॅन', हे या घराण्यांतील मोठे पुरुष होत.

आमच्या काकांनीं आपल्या तरुणपणीं मुंबईंत हीं यंत्रें पाहिलीं. काकांचा धंदा रेडिओ व टी. व्ही. दुरुस्तीचा. दुपारच्या जेवणाच्या सुटींत ते व त्यांचे मित्र व्हिडिओ गेमच्या दुकानांत जात, आणि खिशांत एकच नाणें असल्यामुळें एकजण खेळे व बाकीचे चौघे त्याच्या खांद्यावरून पाहून आरडाओरड करीत. "तुमच्या हातांतल्या मोबाइलवर याहून शंभरपट सुंदर चित्रें दिसतात," काका म्हणत, "पण खांद्यावरून पाहणारे चौघे त्यांत नाहींत." हें वाक्य आमच्या मनांत घर करून राहिलें. असें एखादें यंत्र आपणच बांधावें, दिवाळींत भाऊबीजेस आतेभावंडें-मामेभावंडें जमतात तेव्हां त्याचा शुभारंभ करावा, आणि काकांचे ते चौघे त्यांस परत आणून द्यावे, असा संकल्प आम्हीं नववीची वार्षिक परीक्षा संपली त्याच दिवशीं सोडला.

संकल्प सोडणें सोपें असतें. पेटीचें प्लायवूड कापून देण्यास शेजारचे सुतार मिळाले. जुना मॉनिटर मामांच्या कचेरींतून मिळाला. साठ खेळ एकत्र असलेला बोर्ड, जॉयस्टिक, बटणें व पॉवर सप्लाय या वस्तु बाबांनीं मुंबईस गेले असतां लॅमिंग्टन रस्त्यावरून आणून दिल्या. पॉवर सप्लाय म्हणजे घरांतील २३० व्होल्टांची वीज घेऊन बोर्डास मानवेल अशी पांच व बारा व्होल्टांची मवाळ वीज देणारी, जाळीदार पत्र्याची एक लहान डबी. आईनें दिलेला धान्य साठवून ठेवण्याच्या खोलीचा कोपरा हा आमचा कारखाना झाला. आणि या कारखान्यांत मालक, शास्त्रज्ञ व मुख्य कारागीर हीं तिन्ही पदें आम्हीं आपणाकडे घेऊन, उरलेलीं सर्व कामें आमच्या कनिष्ठ बंधूंकडे सोपविलीं.

हे बंधु त्या वेळीं सहावींत होते. लांकडाच्या कडा कागदानें घासणें, सांडलेले स्क्रू वेंचून त्यांची आकारवारी लावणें, रंगाचा ब्रश धुणें, आणि आम्ही डाख देत असतां बॅटरी धरून तासन् तास उभें राहणें, हीं कामें त्यांनीं पांच महिने विनातक्रार केलीं. फक्त एकदांच त्यांनीं तोंड उघडलें. पॉवर सप्लायपासून बोर्डापर्यंत वीज नेण्यास आम्ही माळ्यावर पडलेली जुन्या टेलिफोनची तार कापीत होतों. ती पाहून ते म्हणाले, "दादा, काकांनीं फोनवर जाड तार घ्यायला सांगितली होती ना? ही फारच बारीक आहे."

यावर आम्हीं त्यांस जें व्याख्यान दिलें, तें आज आठवलें म्हणजे कान तापतात. घरांतील दिव्यांची वीज २३० व्होल्टांची, म्हणून तिला जाड तार; आपली वीज अवघी पांच व्होल्टांची, मांजरीच्या पिल्लासारखी; तिला जाड तार कशाला? शिवाय तारेचे पैसे वांचले तर बटणांच्या आंत बसणारे वीस रंगीत दिवे घेतां येतील. बंधूंनीं मान डोलाविली. दिवे आले. तार बारीकच राहिली.

भाऊबीजेच्या दुपारीं यंत्र प्रथम सुरू झालें. तासभर आम्हीं तें खेळून पाहिलें. तें यत्किंचितही अडखळलें नाहीं. दिवसाउजेडीं रंगीत दिवे कशाला जाळावे, म्हणून ते लावले नव्हते. ते सायंकाळच्या समारंभासाठीं राखून ठेविले होते. या क्षुल्लक गोष्टीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहों. वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी. आम्हीं ती ठेविली नाहीं.

सायंकाळीं ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि लहानथोर मिळून चौदा मंडळी त्या खोलींत दाटीवाटीनें जमलीं. आजीच्या हस्तें कळ दाबली गेली. पाटी उजळली, विसांच्या वीस दिवे हिरवे-तांबडे चमकूं लागले, आणि "वा!" असा एकच उद्गार निघाला. आत्याचा मुलगा खेळावयास उभा राहिला. पहिला डाव रंगांत आला, पडद्यावर शत्रूंची झुंबड उडाली, आणि एकाएकीं पडदा काळा होऊन यंत्र पुन्हां पहिल्यापासून सुरू झालें. "असें होतें कधीं कधीं," आम्हीं म्हटलें. दोन मिनिटांनीं पुन्हां तेंच. तिसऱ्या वेळीं मंडळींत हंशा पिकला. कोणी म्हणालें, "यंत्रालाही फराळ जड झालेला दिसतो."

आतां आमची त्या वेळची विचारसरणी पाहावी. दुपारीं यंत्र चालत होतें. सायंकाळीं चालत नाहीं. अर्थात् मध्यंतरीं कोणी तरी त्यास हात लावला. आणि मध्यंतरीं आमचे बंधु स्क्रू ड्रायव्हर घेऊन पेटीच्या मागें बसलेले आम्हीं स्वतः पाहिले होते! तर्कशास्त्रांत याहून निर्दोष सिद्धान्त कोणता असणार? आम्हीं चौदा मंडळींसमक्ष त्यांच्याकडे बोट दाखवून म्हटलें कीं, या शहाण्यानें आंत कांहीं तरी पिळून ठेविलें आहे.

"मीं कांहीं केलें नाहीं, दादा. मागच्या दाराची बिजागरी ढिली झाली होती, ती आवळत होतों," ते म्हणाले. आम्हीं तें मानलें नाहीं. पुन्हां यंत्रास हात लावावयाचा नाहीं, असा हुकूमही फर्माविला. ते कांहीं न बोलतां गच्चीवर गेले. त्या रात्रीं त्यांनीं आपल्या वाट्याची चकली खाल्ली नाहीं, हें आईनें सांगितलें. पण अपराध्यास पश्चात्ताप होणें स्वाभाविकच आहे, अशी आम्हीं मनाची समजूत घातली.

पुढील चार दिवस आम्हीं सर्व स्क्रू, बटणें व जोड तपासले. कोणी काय पिळलें याचा मागमूस लागेना. यंत्र कधीं तासभर नीट चाले, कधीं पांच मिनिटांत मान टाकी. तेव्हां अपराधी क्रमांक दुसरा उभा राहिला : पॉवर सप्लाय विकणारा दुकानदार. बाबा कामानिमित्त मुंबईस निघाले होते. त्यांच्याबरोबर ती डबी आम्हीं पाठविली. दुकानदारानें ती तेथल्या तेथें जोडली, तिच्यावर मोटारीच्या दिव्याचा बल्ब लावून भार टाकला, आणि मीटरचा कांटा पांचावर निश्चल राहिलेला दाखवून "माल चोख आहे, साहेब" असें सांगितलें. बाबांनीं फोनवरून तें आम्हांस कळविलें. आम्हांस त्यांत लबाडीचा वास आला! आजीनें दिलेली ओवाळणी खर्चून आम्हीं दुसरा नवा सप्लाय मागविला. तो आला, जोडला, दिवे लावले, खेळ सुरू केला. आणि सातव्या मिनिटास पडदा काळा झाला.

आतां मात्र आमचा धीर सुटला. स्क्रू ड्रायव्हर घेऊन आम्ही जुन्या सप्लायचें झांकण उघडावयास बसलों होतों, इतक्यांत दारांत काका उभे राहिले. त्यांनीं आंत येऊन प्रथम आमच्या हातांतील हत्यार काढून घेतलें.

"प्लग कधीं काढलास?" त्यांनीं विचारलें. आतांच, असें आम्हीं सांगितलें. तेव्हां त्यांनीं जें समजाविलें, तें प्रत्येक घरांतील मुलानें ऐकून ठेवण्याजोगें आहे. बाहेर पडणारी वीज पांच व्होल्टांची असली, तरी या डबीच्या आंत घरांतील २३० व्होल्टांची वीज एकदिश होऊन सुमारें ३२५ व्होल्टांपर्यंत चढते, आणि कपॅसिटर नांवाच्या लहान पिंपांत सांठून राहते. प्लग काढला तरी तीं पिंपें तत्काळ रितीं होतात असें नाहीं. पांच व्होल्टांच्या भरंवशावर आंत बोट घालणारास तीनशें व्होल्टांचा तडाखा बसावयाचा. "झांकणाच्या बाहेरून जेवढें मोजतां येतें, तेवढ्यावर नव्याण्णव बिघाड सांपडतात," काका म्हणाले. "झांकणाच्या आंतलें काम त्याचें, ज्यानें तें शिकून घेतलें आहे."

मग त्यांनीं सतरंजीवर बैठक मारली, यंत्राकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं, आणि दोनच प्रश्न विचारले : "काय केलें असतां बंद पडतें? आणि काय केलें असतां पडत नाहीं?"

आम्ही निरुत्तर झालों. चार दिवस आम्हीं 'कोणीं' या प्रश्नापलीकडे पाऊल टाकलेंच नव्हतें. तेव्हां दाराच्या चौकटीपाशीं उभ्या असलेल्या बंधूंचा आवाज आला : "रंगीत दिवे लावले म्हणजेच पडतें. दिवे नसले तर पडत नाहीं. मीं सहा वेळां पाहिलें."

"मग तूं सांगितलें कां नाहींस?" काकांनीं विचारलें.

"मला यंत्राजवळ यायचें नाहीं," बंधु म्हणाले.

काकांनीं आमच्याकडे पाहिलें. ते कांहीं बोलले नाहींत. बंधूंस हांक मारून त्यांनीं आपल्याजवळ बसविलें, आणि पिशवींतून मल्टिमीटर काढून त्यांच्या हातीं दिला. "तूं आंकडे मोठ्यानें वाच," ते म्हणाले. "आणि तूं लिहून घे," असें त्यांनीं आम्हांस सांगितलें. अशा रीतीनें मुख्य शास्त्रज्ञ एका क्षणांत कारकून झाले.

काकांनीं प्रथम सप्लायवरील २३० व ११५ असा फरक दाखविणारी कळ योग्य बाजूस आहे ना, व अर्थिंगची तार जोडली आहे ना, हें पाहिलें. मग यंत्र सुरू करून, खेळ चालूं ठेवून व विसांच्या वीस दिवे लावून मोजण्यास आरंभ केला. "भार नसतांना मोजणें म्हणजे उभ्या बैलगाडीच्या बैलाचें बळ जोखणें," ते म्हणाले. काळी सळई शून्याच्या खुंटीवर, तांबडी पांचाच्या खुंटीवर. "पांच पूर्णांक शून्य दोन," बंधूंनीं वाचलें. म्हणजे सप्लाय चोख होता. दुकानदारही चोख होता. आम्हीं आंकडा लिहिला.

मग काकांनीं त्याच दोन सळया तारांच्या दुसऱ्या टोकास, बोर्डावर, नेऊन टेकविल्या. बंधूंनीं डोळे बारीक करून पाहिलें. "चार पूर्णांक पांच तीन," ते म्हणाले. काकांनीं रंगीत दिवे बंद केले. "चार पूर्णांक सहा नऊ."

खोलींत क्षणभर शांतता पसरली. सप्लायनें दिलेल्या पांच व्होल्टांपैकीं जवळ जवळ अर्धा व्होल्ट वाटेंतच नाहींसा झाला होता! मग काकांनीं शेवटची एक युक्ति केली. मीटरच्या दोन सळया त्यांनीं एकाच तारेच्या दोन टोकांस लावल्या. तार जर धडधाकट असेल तर तेथें जवळ जवळ शून्य दिसलें पाहिजे. बंधूंनीं वाचलें, "शून्य पूर्णांक दोन चार." परतीच्या तारेवर शून्य पूर्णांक दोन पांच. दोहोंची बेरीज करावी, म्हणजे चोरीस गेलेला माल पैन् पै मिळतो.

"ही तार कोणीं निवडली?" काकांनीं विचारलें.

वाचकहो, त्या वेळीं आमचे बंधु आमच्या अगदीं शेजारीं बसले होते. त्यांनीं मीटरवरून दृष्टि काढली नाहीं. 'मीं सांगितलें होतें' हे तीन शब्द उच्चारण्याचा त्यांस पुरेपूर अधिकार होता. पण त्यांनीं ते उच्चारले नाहींत. ते शब्द त्यांनीं उच्चारले असते, तर आम्हांस बरें वाटलें असतें. तार आम्हीं निवडली, असें आम्हांस स्वतःच्या तोंडानें सांगावें लागलें.

मग हिशेब झाला. तांब्याची ०.४ मिलिमीटर व्यासाची तार दर मीटरास सुमारें ०.१४ ओहम विरोध करते. जातां-येतां मिळून आमची तार तीन मीटर. म्हणजे विरोध सुमारें ०.४१ ओहम. बोर्ड एकटा असतां ०.८ अँपिअर वीज ओढी. दिवे लागले कीं १.२. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें विरोधास प्रवाहानें गुणावें : पहिल्या वेळीं तोटा ०.३३ व्होल्ट, दुसऱ्या वेळीं ०.४९. हा नियम आम्ही परीक्षेंत पाठ म्हणून गुण मिळवून आलेलों होतों! पांच व्होल्टांवर चालणाऱ्या पुष्कळ चिपांस पांच टक्के इकडेतिकडे खपतें, म्हणजे ४.७५ पासून ५.२५ पर्यंत. आमचा बोर्ड दिवे नसतांनाही अर्धपोटीं राबत होता. दिवे लागले कीं त्यास भोंवळ येई.

आणि 'मवाळ विजेस जाड तार कशाला' या आमच्या व्याख्यानाचें काय झालें? तें मुळांतच उलटें होतें. तारेंत होणारा तोटा व्होल्टांवर ठरत नाहीं. तो वाहणाऱ्या अँपिअरांवर ठरतो. २३० व्होल्टांतून अर्धा व्होल्ट गेला तर कोणास कळतही नाहीं. पांचांतून गेला तर दशांश गेला. ज्याची मिळकत थोडी, त्याच्या वाटेंत गळती असतां कामा नये. पूर्वींच्या जाणत्या लोकांस हें पक्कें ठाऊक होतें. जपानांतील यंत्र-उत्पादकांच्या संघानें १९८५ सालीं अशा बोर्डांच्या जोडणीचा 'जामा' नांवाचा जो नमुना ठरविला, त्यांत दोन्ही बाजूंस अठ्ठावीस अठ्ठावीस मिळून छप्पन्न जागा आहेत. त्यांपैकीं चार जागा एकट्या पांच व्होल्टांस, व तब्बल आठ जागा परतीच्या वाटेस दिल्या आहेत. आम्हांस वाटलें होतें कीं एवढ्या जागा चुकून पुनरुक्त झाल्या असाव्यात. म्हणून आम्हीं प्रत्येकी एकच जागा जोडून बाकीच्या मोकळ्या सोडल्या होत्या!

त्या सप्लायवर व्होल्ट कमीजास्त करण्याची एक बारीक कळ असते. ती थोडी पिळून सप्लायचे व्होल्ट साडेपांच करावे, म्हणजे वाटेंत अर्धा गेला तरी बोर्डास पांच पोहोंचतील, अशी सूचना आम्हीं मोठ्या आशेनें मांडली. काका हंसले. "आणि दिवे बंद केलेस म्हणजे? भार घटला कीं गळती घटते. मग तेंच जादा माप बोर्डाच्या माथीं. बिघाड झांकणें निराळें, आणि काढणें निराळें."

दुसरे दिवशीं आम्ही दोघे बंधु बाजारांत गेलों. दीड चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार आणली, टोकांस थिंबलें दाबून बसविलीं, आणि चारही व आठही जागा जोडल्या. तार निवडण्याचें काम या वेळीं ज्याचें होतें त्यानेंच केलें. सर्व दिवे लावून, खेळ ऐन रंगांत असतां बोर्डावर मोजलें. बंधूंनीं वाचलें, "चार पूर्णांक नऊ आठ." तोटा अवघा ०.०४ व्होल्ट.

तारा बांधून होत असतां काकांनीं आम्हांस एक गोष्ट सांगितली. 'पाँग'चें पहिलें यंत्र १९७२ सालीं कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल गांवीं अँडी कॅप्स नांवाच्या एका मद्यगृहांत ठेविलें होतें. कांहीं दिवसांनीं तें बंद पडल्याचा निरोप आला. तें बांधणारे अ‍ॅलन अ‍ॅल्कॉर्न हे काय मोडलें म्हणून पाहावयास गेले. यंत्र उघडून पाहतात तों आंत कांहींच मोडलेलें नव्हतें. लोक इतके खेळले होते कीं नाण्यांचें भांडें शिगोशीग भरून नाणें आंत जाण्याची वाटच बुजली होती. "घरून निघतांना जो आपलें उत्तर बरोबर घेऊन निघतो," काका म्हणाले, "त्याला तें भांडें दिसत नाहीं."

यंत्र दुरुस्त झालें, पण काम संपलें नव्हतें. आम्हीं त्याच रात्रीं बंधूंस एकीकडे बोलावून आपली चूक कबूल केली. त्यांनीं "बरें" म्हटलें. पण काकांस तें पसंत पडलें नाहीं. "आरोप किती जणांसमोर केला होतास?" त्यांनीं विचारलें. चौदा, असें आम्हीं सांगितलें. "मग क्षमा एकट्यापुढें कशी पुरेल? हीही बारीक तारच झाली." हें ऐकून आम्ही खालीं मान घातली.

तुळशीच्या लग्नास ती मंडळी पुन्हां आमच्या घरीं जमलीं. चौदांपैकीं बारा होतीं. दोघांस आम्हीं मागून फोन केला. यंत्र सुरू करण्यापूर्वीं आम्हीं उभें राहून सांगितलें कीं, भाऊबीजेच्या दिवशीं आम्हीं जो आरोप केला तो खोटा होता. बिघाड आम्हीं निवडलेल्या तारेंत होता. आणि ती तार बारीक आहे असें सांगणारा एकच मनुष्य या घरांत होता, त्याच्यावरच आम्हीं बोट रोखलें. एवढीं चार वाक्यें बोलण्यास जितकें बळ लागलें, तितकें संबंध पेटी बांधण्यास लागलें नव्हतें. कोणी हंसलें नाहीं. आजीनें डोळ्यांस पदर लावला. बंधु मात्र पुढें येऊन एवढेंच म्हणाले, "आतां पहिला डाव माझा." ते खेळावयास उभे राहिले, आणि मागें दाटी करून, त्यांच्या खांद्यावरून पाहात, सर्व भावंडें ओरडूं लागलीं. काका कोपऱ्यांत खुर्चीवर बसले होते. त्यांनीं मनांतल्या मनांत मोजलें असेल, तर चौघांहून अधिकच भरले असतील.

बाबा पुढें मुंबईस गेले, तेव्हां त्या दुकानदाराकडे मुद्दाम जाऊन आले. दुसरा सप्लाय त्यानें परत घेण्याची तयारी दाखविली. पण तो आम्हीं ठेवून घेतला आहे. पेटीच्या आंत, मागच्या दारावर, आम्हीं एक कागद चिकटविला आहे. त्यावर तारीख, तारेची जाडी, सप्लायपाशीं ५.०२ व बोर्डापाशीं ४.९८ हे आंकडे, आणि ते वाचणाराचें नांव लिहिलें आहे. त्या दाराची बिजागरी अजून घट्ट आहे.

आमच्या ज्या सोबत्यांस असें कांहीं बांधण्याची हौस असेल, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. सप्लायचें झांकण उघडूं नये. भार असतां मोजावें. विजेच्या वाटेचीं दोन्ही टोकें मोजावीं. आणि तार घेतांना दिव्यांचे पैसे वांचवावे, दिवे घेतांना तारेचे नव्हेत. आणि घरांत जर कोणी बॅटरी धरून मुकाट्यानें उभें राहणारें असेल, तर त्यास काय दिसलें हें सर्वांच्या आधीं विचारावें. प्रकाश धरणारास बहुधा अधिक दिसत असतें.